वर थांबणारा

सहा महिन्यांसाठी परदेशी गेलेल्या माणसाच्या गरजा ठरलेल्या असतात. राहायला खोली, स्वयंपाकाची सोय, घरी फोन करण्याची वेळ; एवढे जमले की परके गाव सवयीचे होऊ लागते. मालवणच्या समुद्रावर वाढलेल्या आणि नोकरीनिमित्त मार्सेल्सला गेलेल्या त्या अभियंत्याची आणखी एक गरज होती, आणि ती कोणत्याही कार्यालयात सांगण्यासारखी नव्हती. मराठी माणसाला ते बंदर १९१० साली सावरकरांनी मारलेल्या उडीमुळे ठाऊक असते. याला तेथे आपल्या बुडीच्या वेळी पाण्यावर थांबणारा माणूस हवा होता.

एका श्वासावर समुद्रात उतरायचे, कपारीशी निश्चल पडून राहायचे आणि मासा टप्प्यात आला की भाला सोडायचा, हा त्याचा छंद. यात मुख्य नियम एकच. एक खाली असताना दुसऱ्याने वरच राहायचे. कारण मोठे चमत्कारिक आहे. वीस मीटरांवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. त्या दाबामुळे उरलेला प्राणवायूही पुरेसा वाटतो. वर येताना दाब उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत, कधी तर डोके पाण्याबाहेर आल्यावर, शुद्ध हरपते. पूर्वसूचना बहुधा मिळत नाहीच. मूर्च्छेच्या अलीकडे शरीराला जे झटके येतात, त्यांना या मंडळींत 'सांबा' म्हणतात. नृत्याचे नाव देण्यात कोणाची थट्टा होती कोण जाणे. म्हणून वर आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे निदान तीस सेकंद पाहत राहावे लागते. सोबती हवा तो या तीस सेकंदांसाठी.

गावी हा प्रश्न कधी पडला नव्हता. तेथे चुलतभाऊ होता, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे कोणी ठरवलेलेच नव्हते.

मार्सेल्समध्ये बुडी मारणारे पुष्कळ. तलावावर सराव करणाऱ्या मंडळींत त्याची पहिली ओळख झाली ती एका पटाईत शिकाऱ्याशी. त्याच्याकडे होडी होती, खडक पाठ होते, कायदाही पाठ होता. सूर्यास्तानंतर शिकार नाही, कालांकच्या राष्ट्रीय उद्यानातील राखीव पट्ट्यात भाला न्यायचा नाही. आणि मेरू, म्हणजे आपल्या गोबऱ्याचा भाऊबंद, त्याला १९९३ पासून भाल्याने मारायची बंदी. सारे खरे. पण तिसऱ्या बुडीनंतर अभियंता वर आला तेव्हा भोवती कोणीच नव्हते. नुसता बोया डुलत होता. शिकाऱ्याला मासा दिसला होता आणि तो खाली गेला होता. वर आल्यावर त्याने हसत मासा दाखवला. अभियंत्यानेही हसून तारीफ केली. पुन्हा त्याच्या होडीत मात्र तो गेला नाही.

कोरियातील जेजू बेटावरच्या हेन्यो स्त्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हंगामापुरत्या बुसानकडे आणि जपानच्या किनाऱ्यांवर बुड्या मारायला जात. त्या गटाने जात. पाण्यातल्या जोडीदारणीला त्यांच्या बोलीत 'मुल्बोत' म्हणतात, पाण्यातली मैत्रीण. परमुलखी निघताना त्यांची पाण्यातली सोबतही त्यांच्याबरोबर निघे. पगारी माणसाची बदली एकट्याची होते.

दुसरा सोबती भेटला तो निवृत्त, साठीच्या पुढचा, आठ मीटरांपलीकडे न जाणारा. अभियंत्याला मनातून थोडी निराशाच वाटली. पाण्यात भाषा लागत नाही म्हणतात. पाण्यात शिरण्यापूर्वी मात्र फार लागते. म्हाताऱ्याने किनाऱ्यावरच बसवून विचारले : झोप किती झाली? सर्दी आहे का? एरवी किती वेळ खाली राहता? बुडीआधी भराभर श्वास घेता का? याची फ्रेंच तोडकी, त्याची इंग्रजी त्याहून तोडकी. तासभर हातवारे चालले. पहिल्या दिवशी त्याने भाले घेऊच दिले नाहीत.

त्या दिवशी अभियंता बारा मीटरांवरून वर आला तेव्हा हातभर अंतरावर मुखवट्यामागचे दोन डोळे त्याच्याकडे रोखलेले होते. ओठ हलत होते. म्हातारा फ्रेंचमध्ये आकडे मोजत होता. तीस झाल्यावर त्याने मान हलवली आणि मगच नजर वळवली.

उन्हाळाभर हे चालले. मिस्त्राल वारा सुटला की पाणी एका रात्रीत गार पडे; त्या दिवशी दोघे किनाऱ्यावरच बसून राहत. मासे फारसे मिळाले नाहीत. एकदा म्हातारा आठ मीटरांवरून वर आल्यावर त्याचे ओठ निळसर दिसले. तेव्हा अभियंत्याने त्याची हनुवटी पाण्यावर धरून ठेवली. पुढे काही झाले नाही, आणि त्याविषयी दोघेही कधी बोलले नाहीत.

ऑक्टोबरात मुदत संपली. निरोप घ्यायला गेला तेव्हा म्हातारा आपला बोया धुऊन दोर गुंडाळत होता. आता कोणाबरोबर जाणार, असे अभियंत्याने विचारले. म्हाताऱ्याने खांदे उडवले. तलावावर चौकशी करतो, म्हणाला. हिवाळ्यात नवे लोक येतात.