दोन रात्री, तीन दिवस, जैसलमेर

शनिवार-रविवारी जरा जैसलमेरला निवांत जाऊन येतो, असं १९७८ साली कुणी म्हटलं असतं तर आम्ही आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला असता. दोन दिवस नुसते जाण्यातच जात. रात्री मुंबई सेंट्रलला गुजरात मेल पकडायची, सकाळी अहमदाबादला उतरून मीटरगेजच्या गाडीत सामान चढवायचं, मारवाड जंक्शनमार्गे जोधपूर गाठायचं आणि तिथून पुन्हा रात्रीची जैसलमेरची गाडी. जोधपूरपर्यंत डोळ्यांत कोळशाची भुकटी, जोधपूरच्या पुढे वाळू. खिडक्या कितीही घट्ट ओढल्या तरी पहाटे पांघरूण झटकलं की शेजारच्या बाकावरचा माणूस शिंकायचा.

शिवाय शनिवार तेव्हा पुरता आपला नव्हता. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो १९८५ साली. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना तर २०२० चा फेब्रुवारी संपता संपता. आमच्यापाशी होती ती रजा. ती साठवायची लग्नांसाठी, मुंजींसाठी, म्हाताऱ्यांच्या दुखण्यांसाठी, आणि उरलीसुरली एलटीसीसाठी. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा सरकार भारतात कुठेही जायचं भाडं देई. भाडं मिळतंय तर लांबचंच गाठावं, हा हिशेब सरळ होता. सिमला, कन्याकुमारी आणि जैसलमेर यांतून जैसलमेर निवडलं जाई ते वाळवंटाच्या ओढीने नव्हे, हे कबूल केलं पाहिजे. सिमल्याला आधी साहेब जाऊन आलेले असत.

आता गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर मुलं फोन घेऊन सोफ्यावर बसतात. हिवाळ्यात मुंबईहून थेट जैसलमेरचं विमान असतं. विमान ठरतं, तंबू ठरतो, तंबूला जोडलेलं स्नानगृह फोटोत बघून होतं, उंट कितीला आणि जीप कितीला हेही कळतं. इकडे ओट्यावरचं आवरून होईपर्यंत तिकडे वाळवंटाचे पैसे भरून झालेले असतात. आणि हे सगळं कशासाठी, तर काहीही न करण्यासाठी. आम्ही भाबडेपणाने विचारतो, 'बघणार काय?' ती म्हणतात, 'बाबा, काही बघायचं नाहीये. शांत बसायचंय.'

आमच्या वेळी शांत बसायला जागा लागत नसे, पण बेत आखायला सगळी गल्ली लागे. कुणाकडे तरी पश्चिम रेल्वेचं वेळापत्रक असे, बहुधा गेल्या वर्षीचं. ते वाचता येणं हा गुण होता, आणि तो असलेला माणूस प्रत्येक चाळीत एकच असे. या तक्त्यातून त्या तक्त्यात, तिथून तळटीपेत, तळटीपेतून 'फक्त बुधवारी व शनिवारी'वर असा तो बोट फिरवी आणि आम्ही श्वास रोखून बघत राहू. मारवाड जंक्शनला पुढची गाडी वीस मिनिटांनी चुकते असं निष्पन्न झालं की चहाचा दुसरा कप येई. कसलंही काम नसताना लोक येऊन बसत. ज्यांना कुठेच जायचं नसे ते सर्वांत हिरिरीने मार्ग सुचवत.

मग आरक्षण. मुंबईहून अहमदाबादचं खिडकीवर मिळे. पुढच्या गाड्यांसाठी खिडकीमागचा बाबू तारा पाठवी. त्या तारांची उत्तरं आली का, हे विचारायला आठवड्यातून दोनदा फेरी. उत्तर यायचं किंवा यायचं नाही. जोधपूरच्या फलाटावर डकवलेल्या यादीत आपलं नाव शोधताना काळजाचं पाणी होई, आणि सापडलेलं नाव आपलंच असेल अशी खात्री त्या स्पेलिंगवरून देता येत नसे. हे चांगलं होतं असं म्हणण्याची माझी छाती नाही. २००२ साली रेल्वेचं तिकीट घरबसल्या इंटरनेटवर मिळू लागलं तेव्हा आमच्याच पिढीने सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण खिडकीमागच्या त्या बाबूला आमच्या प्रवासाची आमच्याइतकीच उत्सुकता वाटू लागे, त्याचं काय करायचं? आता साइट अडकते. तिला आमच्याविषयी काही वाटत नाही.

मुक्कामाची सोय पत्राने. धर्मशाळेच्या मुनीमजींना जोडकार्ड जाई: एका अंगाला आपली विनंती, दुसरं अंग कोरं, त्यावर आपलाच पत्ता आधीच लिहिलेला. मजकुरासाठी हिंदीच्या मास्तरांना बोलावलं जाई आणि ते 'सपरिवार'पासून 'कष्ट के लिए क्षमा'पर्यंत सगळं ओवून देत. शिवाय ओळखीची चिठ्ठी हवी. आमच्या दुकानदाराचा मेहुणा जोधपूरचा, त्याचा कुणी जैसलमेरात. अशा तीन माणसांच्या साखळीतून आम्ही वाळवंटात शिरत असू आणि त्या साखळीच्या प्रत्येक कडीला काहीतरी देणं लागत असू. जाताना चकल्या न्यायच्या, येताना बांधणीची ओढणी आणायची, पोहोचल्याचं पत्र टाकायचं, आणि परतल्यावर मुनीमजींना आभाराचं. ते राहिलं तर पुढच्या माणसाला खोली मिळणार नाही, अशी भीती घातलेली असे.

धर्मशाळेची आठवण काढताना मात्र जीभ जरा अडखळते. मुनीमजी वही उघडून आधी गाव विचारत, मग आडनाव, मग सरळ जात. आमचं आडनाव चाललं म्हणून आमची आठवण सुंदर आहे. ज्यांचं चालत नसे त्यांना ही गोष्ट रम्य वाटायचं कारण नाही. आजचा तंबूवाला आधारकार्ड बघतो आणि कार्डावरून पैसे कापून घेतो, बाकी चौकशी करत नाही. तेव्हा यजमान पाहुण्याला पारखून घेई, आता पाहुणा यजमानाला तारे देतो. दोन्हींत कुणीतरी कुणालातरी उगाच तोलतंच आहे. पण आजचा तोल पैशांपुरता आहे आणि तो जास्त न्यायाचा आहे, हे स्वतःला बजावून मगच पुढे लिहिलं पाहिजे.

आणि निवांतपणा म्हणाल तर तो होता कुणाचा? होल्डॉलचे पट्टे पुरुष आवळत आणि त्याचं कौतुक आजही आम्हाला पुरून उरतं. पण निघण्याआधी दशम्या, धपाटे, भडंग, चटण्या, लोणच्याची बरणी, तीन गाड्यांचं जेवण, लहानाचं दूध, म्हातारीची औषधं, दूधवाल्याला रतीब बंद करायचा निरोप, कुंड्यांना पाणी घालायला शेजारणीला विनवणी, हे कुणी केलं? धर्मशाळेत पोहोचल्यावर रॉकेलचा स्टोव्ह कुणी पेटवला? सोनेरी किल्ल्यावर सूर्य मावळताना आमच्या घरातली बाईमाणसं मागच्या चौकात खिचडीखालची वात नीट करत होती. किल्ला सोनेरी होतो असं त्यांनी आमच्याकडून ऐकलं. आताच्या तंबूत बायको पायावर पाय टाकून बसते, केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची रोटी आयती पुढ्यात येते, आणि मला चहा हवा असेल तर मी उठून सांगून येतो. जुन्या प्रवासाचे गोडवे मी गाऊ लागलो की ती फक्त 'स्टोव्ह' म्हणते.

ज्या शांततेसाठी आता पैसे मोजायचे ती तेव्हा फुकट होती, आणि आम्हाला नकोशी होती. जैसलमेर शांत होतं कारण ते ओस पडत आलं होतं. रावळ जैसलने ११५६ साली वसवलेलं हे गाव कित्येक शतकं उंटांच्या तांड्यांवर जगलं. पटव्यांच्या हवेलीची ती दगडी नक्षी व्यापाराच्या पैशावर उभी राहिली. मग मुंबई बंदर वाढलं, माल समुद्रावरून जाऊ लागला, आणि फाळणीने सिंधकडची उरलीसुरली वाट बंद केली. म्हणजे ज्या शहराने या गावाचा धंदा बसवला त्याच शहरातली माणसं आता धंद्याने दमून त्याच गावी स्वस्थ बसायला जातात. याचा हिशेब कुणी मागत नाही, हे बरं आहे.

आम्ही गेलो तेव्हा बाहेरगावची माणसं म्हणून बंगाली मंडळी भेटत, माकडटोप्या घातलेली. सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' १९७४ साली आला होता आणि त्यांना तो किल्ला बघायचाच होता. बाकी रस्त्यावर गाई, लष्कराचे ट्रक आणि आम्ही. संध्याकाळी वीज गेली की काय करावं ते कळत नसे. गच्चीवर आडवं व्हायचं. वर इतक्या चांदण्या असत की मुलं घाबरत. आम्हाला त्या रात्री कंटाळ्याच्या वाटल्या, आणि आम्ही पत्ते आणले नाहीत म्हणून एकमेकांना दोष दिला.

आता चांदण्यांचा वेगळा दर आहे. दुर्बीण, गादी, लोड आणि माहिती सांगणारा तरुण, रात्री नऊ ते साडेदहा. सम हे वाळूच्या टेकड्यांचं ठिकाण जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथे तंबूंच्या रांगांतून रात्री ध्वनिवर्धकांची अशी लढाई जुंपते की आपल्या गल्लीतला गणपती सौम्य वाटावा. म्हणून जाणकार आता समला जात नाहीत, खुरीला जातात. खुरीलाही गर्दी होईल तेव्हा आणखी पुढे जातील. शांतता पुढे पळते आहे आणि आपण जीपने तिच्या मागे आहोत. दुकानदार तर आपला चेहरा बघूनच 'या काका, बसा' म्हणतात. इतक्या लांब येऊन मराठीतच घासाघीस करावी लागते.

पाण्याची गोष्ट याहून बोचणारी. आम्हाला धर्मशाळेत आंघोळीला माणशी एक बादली मिळे, आणि ती देणारा बादलीकडे बघत उभा राही. आम्ही त्यावर घरी येऊन महिनाभर विनोद केले. वर्षाला जेमतेम १५-२० सेंटीमीटर पाऊस पडणाऱ्या गावात ती बादली कुठून येत असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. मग नळ आले, किल्ल्याच्या आत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या, प्रत्येक खोलीला शॉवर. उघड्या गटारांच्या हिशेबाने बांधलेल्या किल्ल्याच्या पायात ते पाणी मुरत गेलं. पायाखालची माती भुसभुशीत झाली, बुरूज ढासळले. २०१३ साली राजस्थानातल्या इतर पाच किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारसा यादीत आला. माणसं अजून आत राहतात, हेच त्याचं मोठेपण आणि हेच त्याचं दुखणं. तर तो बादलीकडे बघत उभा राहणारा माणूस कंजूष नव्हता. आता त्याची थोडी आठवण येते, पण शॉवरखाली येते, म्हणून तिच्यावर फार विश्वास ठेवत नाही.

तेव्हाच्या रोलमध्ये ३६ फोटो बसत. जपून भरला तर ३७. त्यामुळे उंटासमोर कुणाला उभं करायचं यावर घरात मतदान व्हायचं, आणि धुऊन आलेल्या फोटोंत निम्म्यात उंटाची मान नसे. आता तीन दिवसांत तीनशे फोटो निघतात, सगळ्यांत मान असते, आणि परतल्यावर ते बघायला कुणी घरी येत नाही. पूर्वी येत. वेळापत्रकवाले, हिंदीचे मास्तर, कुंड्यांना पाणी घालणारी शेजारीण, सगळे आपला हक्क समजून येत आणि घोटुवा लाडू संपेपर्यंत बसत. गाडी वीस मिनिटांनी चुकली की नाही, हे वेळापत्रकवाल्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे.

खुरीच्या वाटेवर पवनचक्क्या आणि विजेच्या तारा लागतात. त्या तारांना धडकून माळढोक मरतात. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आमच्या लहानपणी तो होता. आता तिथे दिसला तर पेपरात बातमी येते. वाळवंटातल्या एसी तंबूला वीज लागते आणि मुंबईतल्या माझ्या एसीलाही लागते, त्यामुळे या विषयावर मला फार बोलता येत नाही. चालकाने गाडी हळू केली, आम्ही दोन्ही खिडक्यांतून बराच वेळ माळ न्याहाळला. पक्षी दिसला नाही.

परत आल्यावर फोनवर विचारणा आली: मुक्काम कसा वाटला? स्वच्छता, जेवण, शांतता, प्रत्येकी पाचपैकी किती? मुलाने एका मिनिटात तारे देऊन टाकले. शांततेला चार, कारण पहाटे शेजारच्या तंबूतला गृहस्थ मीटिंगला बसला होता. मला राहवेना. म्हटलं, त्या मॅनेजरने मला गुडघ्यासाठी गरम वाळूची पुरचुंडी करून दिली होती, त्याला दोन ओळी लिहाव्यात. पत्ता कळवा असा निरोप धाडला, तर त्याने हात जोडलेलं चित्र आणि नकाशावरचा एक लाल ठिपका पाठवला. गाव नाही, पोस्ट नाही, पिनकोड नाही. तरी चिकाटीने पोस्टात गेलो. पोस्टकार्ड पन्नास पैशांनाच मिळतं म्हणून खिडकीवर सुटे ठेवले. आतला मुलगा म्हणाला, 'बघतो आहेत का,' आणि कपाटाच्या किल्ल्या शोधायला गेला.