पट्ट्याचा ताण

लहान कारखान्यात यंत्र नादुरुस्त झाले म्हणजे मोटर, बेअरिंग, हत्याराची धार, विजेचा दाब या सर्वांची कसून चौकशी होते. परंतु मोटरची शक्ती ज्याच्या द्वारे यंत्रापर्यंत पोहोचते त्या पट्ट्याकडे तो तुटेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि गेलेच तर ते त्याला आणखी घट्ट ओढण्यापुरतेच जाते. या ओढण्याच्या सवयीविषयी मला आग्रहाने लिहावयाचे आहे. कारण सैल पट्ट्यांपेक्षा अतिताणलेल्या पट्ट्यांनीच यंत्रांची हानी अधिक केलेली मी पाहिली आहे.

सैल पट्टा आपली फिर्याद तत्काळ दाखल करतो. यंत्र सुरू होताच तो किंचाळतो, भार येताच घसरतो, जळक्या रबराचा दर्प सुटतो, पुलीखाली काळी भुकटी साचते, आणि कारागिराला पाना हाती घ्यावाच लागतो. अतिताणलेला पट्टा मात्र निमूट चालतो, आणि चालता चालता मोटरच्या पुलीकडील बेअरिंगवर अहोरात्र आडवा दाब देत राहतो, शाफ्टला वाकवू पाहतो, स्वतःच्या पोटातील दोऱ्यांनाही थकवतो. पुढे कधीतरी बेअरिंग घरघरू लागले म्हणजे दोष बेअरिंगच्या माथी बसतो व पट्टा निर्दोष सुटतो.

वस्तुतः व्ही-पट्ट्याला फार ताणाची गरजच नसते. त्याच्या तिरप्या कडा खाचेच्या दोन्ही भिंतींत पाचरीप्रमाणे रुततात, आणि म्हणूनच सपाट चामडी पट्ट्याच्या मानाने तो कमी ताणात तेवढीच शक्ती वाहून नेतो. मात्र पट्ट्याचा तळ खाचेच्या बुडाला टेकता कामा नये. टेकलेला दिसला तर पुली किंवा पट्टा झिजला आहे, अथवा पट्टाच भलत्या मापाचा आहे, असे समजावे, आणि तेथे ताण वाढविणे व्यर्थ होय. पूर्ण भाराखाली न घसरणारा कमीत कमी ताण, तोच योग्य ताण.

आमच्या टेबलावरच्या ड्रिल मशीनचे उदाहरण घेतो, कारण गती बदलण्यासाठी पट्टा एका टप्प्यावरून दुसऱ्यावर न्यावा लागत असल्याने तेथे ताण वारंवार नव्याने द्यावा लागतो. आधी मेन स्विच बंद करावा. मग एक सरळ लोखंडी पट्टी दोन्ही पुलींच्या तोंडांना लावून त्या एका पातळीत आहेत की नाही हे पाहावे. पातळी चुकली असता पट्ट्याची एकच कड झिजते, आणि त्या झिजेवर ताणाचा इलाज चालत नाही. नंतर दोन पुलींमधील मोकळ्या पट्ट्याच्या मध्यभागी दाब द्यावा: मोकळ्या लांबीच्या सुमारे चौसष्टाव्या भागाइतका तो दबावा, म्हणजे 320 मिलिमीटर लांबीला 5 मिलिमीटर, हा जुना व भरवशाचा शिरस्ता आहे. तेवढे दबण्यास किती जोर लागावा हे पट्ट्याच्या मापावर अवलंबून असते, व त्याचे कोष्टक पट्ट्याचा कारखानदार देतो; म्हणून हात बसेपर्यंत अंगठ्यावर विसंबू नये, स्प्रिंगचा काटा लावावा. मोटरचे बोल्ट आवळताना ती तसूभर सरकतेच, यास्तव आवळून झाल्यावर माप पुन्हा घ्यावे.

मग यंत्र कामाच्या भाराखाली थोडा वेळ चालवून, बंद करून, पूर्ण थांबल्यावर हात जपून जवळ नेऊन पाहावा. पुली तापली असेल तर पट्टा घसरत आहे. पुली थंड असून मोटरचे पुलीकडील तोंड नेहमीपेक्षा तापले असेल, तर ताण जास्त झाल्याचा संशय प्रथम घ्यावा. घसरणाऱ्या पट्ट्यावर राळ फासण्याची तजवीज काही ठिकाणी चालते. व्ही-पट्ट्याच्या बाबतीत ती मला मुळीच मान्य नाही, कारण त्या चिकट थरात धूळ बसते आणि मूळ कारण झाकले जाते.

नवा पट्टा चढविल्यावर पहिल्या दिवसभराच्या कामात तो खाचेत बसतो व थोडा लांबतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी काम सुरू करण्यापूर्वी त्याचा ताण पुन्हा अवश्य तपासावा.