न पाहिलेला पर्वत

शामोनीच्या दरीत मी पहिल्यांदा पाऊल ठेवले तेव्हा माझ्या वयाला सहासष्ट वर्षे झाली होती. तोवर पस्तीस वर्षे मी त्या दरीविषयी वर्गात बोलत आलो होतो. इंग्रजी शिकवायचे आणि समीक्षा मराठीत लिहायची, अशी एक जमात आपल्याकडे आहे. तिच्यातलाच मी एक. शेलीची ‘माँ ब्लाँ’ ही कविता दरवर्षी अभ्यासक्रमात असे आणि उदात्ताची संकल्पना समजावून देताना ती हमखास उपयोगी पडे. फळ्यावर खडूने मी एक त्रिकोण काढी, त्याच्या पायथ्याशी नदीची नागमोडी रेघ ओढी आणि खडूचा हात झटकून विद्यार्थ्यांना सांगे, ‘हा पर्वत डोळ्यांपुढे आणा.’ बाहेर वऱ्हाडातला उन्हाळा पेटलेला असे. माझ्या लहानपणी आमच्या गावात बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळून तालुक्याहून येणारी लादी. मी डोळ्यांपुढे काय आणीत होतो, हे मला कुणी विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही.

मुलगी नोकरीनिमित्त जिनिव्हाला होती. तिने २०२४ च्या जून महिन्यात आम्हां दोघांना बोलावून घेतले. ‘बाबा, तुमचा शेलीचा डोंगर इथून दीड तासावर आहे,’ ती म्हणाली. ‘तुमचा’ या शब्दाने मी थोडा सुखावलोही.

शामोनी हे समुद्रसपाटीपासून हजार मीटरांवर वसलेले, आर्व्ह नदीच्या काठचे लांबट गाव. १९२४ साली पहिले हिवाळी ऑलिंपिक याच गावात झाले. आता ते पूर्णपणे प्रवाशांचे झाले आहे. रस्त्यावर दोर, कुऱ्हाडी आणि काट्यांचे बूट विकणारी दुकाने. उपाहारगृहांच्या बाहेर उन्हात मांडलेली टेबले. आणि वर मान केली की छपरांच्या मागे एकदम उभा राहिलेला पांढरा प्रचंड विस्तार. पहिल्या क्षणी मी त्याला ढग समजलो. ढग हलतात, हा हलत नव्हता. तो पर्वत आहे हे ध्यानात यायला काही क्षण लागले, आणि तेवढ्या क्षणांत माझा खडूचा त्रिकोण कायमचा पुसला गेला.

एग्वीय द्यू मिदी या सुळक्यावर १९५५ पासून रज्जुमार्ग जातो. दोन टप्प्यांत, जेमतेम वीस मिनिटांत, तो माणसाला ३,८४२ मीटर उंचीवर नेऊन ठेवतो. वर पोचल्यावर श्वास तोकडा पडतो, बोलणे आपोआप कमी होते. तिथे काचेची एक पेटी दरीवर अधांतरी बसवलेली आहे. तिच्यात उभे राहिले की पायांखाली हजार मीटरांची पोकळी दिसते. पत्नीने आत जायला साफ नकार दिला. मी गेलो, आणि पायांकडे न पाहता समोर पाहत राहिलो. भय आणि आनंद यांचे मिश्रण म्हणजे उदात्ताचा अनुभव, असे मी शिकवत असे. ते खोटे नाही. पण भयाने गुडघे प्रत्यक्ष कापतात, हे कोणत्याही ग्रंथात मला ठळकपणे भेटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी माँताँव्हेरची छोटी लाल आगगाडी घेतली. दात्यांच्या रुळांवरून चढत ती १,९१३ मीटरांवर जाते. तिथून खाली मेर द ग्लास, म्हणजे बर्फाचा समुद्र, दिसतो. १७४१ साली विंडहॅम आणि पोकॉक हे दोन इंग्रज इथे आले. त्यांच्या प्रवासवर्णनामुळे या हिमनदीची ख्याती युरोपभर झाली आणि हे नावही तिथूनच रूढ झाले. शेली आणि मेरी इथे आले ते १८१६ च्या जुलै महिन्यात. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि त्या साली युरोपात उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. मेरीने आपल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला जनक आणि त्याची निर्मिती यांचा सामना याच बर्फावर घडवून आणला. शेलीने हिमनद्या पाहिल्या त्या पुढे सरकणाऱ्या, माणसांची वस्ती गिळत येणाऱ्या. सारी दरीच एके दिवशी बर्फाखाली जाईल ही धास्ती त्याच्या काळी कविकल्पना नव्हती.

आम्ही पाहिले ते याच्या नेमके उलटे. कठड्यापाशी उभे राहून मी समुद्र शोधत होतो. खाली खोल, करड्या दगडगोट्यांनी झाकलेला, आटलेल्या नदीच्या पात्रासारखा एक पट्टा दिसत होता. ‘हेच का ते?’ पत्नीने विचारले. हेच ते. बर्फात दरवर्षी नव्याने एक गुहा कोरतात, तिच्याकडे उतरण्यासाठी १९८८ साली पाळणे बसवले. तेव्हा पाळण्यातून उतरून बर्फावर जायला तीन पायऱ्या पुरत. तीस वर्षांत त्या पायऱ्या साडेपाचशेच्या वर गेल्या. अखेर २०२४ च्या आरंभी हिमनदीच्या आणखी वरच्या अंगाला नवे पाळणे सुरू करावे लागले. कड्यावर जागोजाग वर्षांचे फलक लावलेले आहेत. त्या त्या वर्षी बर्फ कुठवर होता हे ते सांगतात. माझ्या नोकरीच्या काळातली वर्षे त्यांवर वाचताना मला विचित्र वाटले. मी वर्गात वाढत्या हिमनदीची कविता शिकवत होतो त्या वर्षांत ही हिमनदी खचत होती, आणि फलकाफलकांतले अंतर माझ्या तासांचाच हिशेब मांडत होते.

इथे मला कोलरिज आठवला, आणि त्याच्यामागोमाग दुसरे कुणीतरी आठवले.

कोलरिजने शामोनीच्या दरीतल्या सूर्योदयापूर्वीच्या घटकेवर एक स्तोत्र लिहिले. ते १८०२ च्या सप्टेंबरात वृत्तपत्रात आले, सोबत त्या दरीचे वर्णन करणारी टीपही होती. वाचणाऱ्याला वाटावे, कवी तिथे पहाटे उभा होता. वस्तुतः कोलरिजने शामोनी कधीच पाहिले नाही. इंग्लंडमधल्या स्कॉफेल पर्वतावर त्याला जी उत्कट अवस्था अनुभवाला आली ती त्याने आल्प्सवर नेऊन ठेवली. आणि फ्रिडरिके ब्रून या कवयित्रीच्या जर्मन कवितेतून बरेच काही घेतले, पण तिचा उल्लेख केला नाही. त्याच्या मृत्यूनंतर १८३४ मध्ये डी क्विन्सीने हे उघड केले. उसनवारीचा दोष आहेच. तो मी माफ करीत नाही. पण न पाहिलेल्या पर्वतावर कविता लिहिणे हा त्याहून वेगळा प्रश्न आहे, आणि या दोन प्रश्नांची गल्लत मी स्वतः एकदा केली होती.

१९९१ साली एका त्रैमासिकात मी एका नव्या कवीच्या पहिल्याच संग्रहाचे परीक्षण लिहिले. कवी तालुक्याच्या गावी कारकून होता. संग्रहात हिमालयावरच्या अकरा कवितांची एक मालिका होती. अनुभवाचे प्रामाण्य हा तेव्हा आमच्या समीक्षेतला हुकमी एक्का होता आणि मी तो टाकला. ज्याने नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकले नाही त्याचा हिमालय कॅलेंडरवरचाच असणार, अशा अर्थाचे वाक्य मी लिहिले. ते वाक्य गाजले. मित्रांनी दाद दिली. दोन आठवड्यांनी एक पोस्टकार्ड आले. त्यात एवढेच होते : ‘सर, मी हिमालय पाहिलेला नाही हे खरे. तो आपण पाहिला आहे, असे गृहीत धरतो.’

मीही तो पाहिलेला नव्हता. पोस्टकार्डाला मी उत्तर दिले नाही. त्या कवीचा दुसरा संग्रह माझ्या पाहण्यात आला नाही.

शामोनीच्या चौकात एक पुतळा आहे. जाक बाल्मा हा स्फटिक शोधणारा पहाडी माणूस निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूरला हात उंचावून शिखर दाखवतो आहे. १७८६ च्या ८ ऑगस्टला माँ ब्लाँवर पहिल्यांदा माणूस पोचला. पण बाल्मा एकटा नव्हता. त्याच्याबरोबर गावचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार होता. हा पुतळा १८८७ साली उभा राहिला, त्यात पाकार नाही. याचे एक मोठे कारण बूरी नावाचा लेखक. त्याने स्वतः शिखर गाठण्याचे प्रयत्न केले, ते फसले, आणि पाकारच्या यशानंतर त्याने लेखणी उचलून सारे श्रेय बाल्माला दिले. पुढे अलेक्झांडर द्यूमाने म्हाताऱ्या बाल्माच्या तोंडून ऐकलेली हकीकत रंगवून लिहिली आणि डॉक्टर जवळजवळ विनोदी पात्र ठरला. त्या दिवशी दुर्बिणीतून ती चढाई पाहणाऱ्या एका सरदाराच्या नोंदी पुढे उजेडात आल्या आणि पाकारला न्याय मिळाला. त्याचा पुतळा गावात उभा राहिला तो १९८६ साली, बरोबर दोनशे वर्षांनी. तो पाहायला मी मुद्दाम गेलो. पुतळा एकटाच बसून शिखराकडे पाहतो आहे. त्याच्यासमोर उभे राहताना मला बूरीविषयी फार तिरस्कार वाटेना. त्याची लेखणी माझ्या ओळखीची होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही बोसों हिमनदीच्या बाजूची पायवाट धरली. देवदारासारख्या उंच झाडांतून वाट चढत जाते आणि मधूनच उजवीकडे निळसर बर्फाचा तुटलेला जिना दिसतो. ही हिमनदी थेट माँ ब्लाँच्या माथ्याकडून खाली येते, आणि वर हरवलेले खाली आणून देते. १८२० साली एका चढाईत तिघे वाटाडे हिमलोटात गाडले गेले. सुमारे चाळीस वर्षांनी ते खाली येतील असे फोर्ब्ज या शास्त्रज्ञाने हिमनदीच्या गतीवरून सांगितले होते. १८६१ पासून त्यांचे अवशेष खरोखरच पायथ्याशी निघू लागले.

याच बर्फात आपलीही माणसे आहेत. १९५० च्या ३ नोव्हेंबरला एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान माँ ब्लाँवर आदळले. अठ्ठेचाळीस माणसे गेली. प्रवाशांत बहुसंख्य खलाशी होते. त्यांच्या शोधासाठी वर निघालेला शामोनीचा वाटाड्या रने पेयो हाही बर्फात प्राणाला मुकला. १९६६ च्या २४ जानेवारीला ‘कांचनजंगा’ हे बोइंग जवळपास त्याच जागी कोसळले. एकशे सतरा माणसे गेली, त्यांत होमी भाभा होते. त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली होती. मी तेव्हा आठ वर्षांचाही नव्हतो. आमच्या गावी वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी येई. वडील शाळेच्या ओट्यावर ते मोठ्याने वाचून दाखवीत. शपथविधीची बातमी त्यांनी खणखणीत वाचली. विमानाच्या बातमीत पर्वताचे नाव आले तिथे ते अडखळले, दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाले, ‘बर्फाचा एक डोंगर आहे.’ पुढे मी तेच नाव अचूक उच्चारांसह शिकवत राहिलो; पण वडिलांच्या त्या डोंगराशी त्याचा संबंध माझ्या मनात कधी जुळला नाही.

हिमनदीने तो विसरू दिला नाही. २०१२ साली परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली निघाली; आत वृत्तपत्रे, कॅलेंडर असलेच कागद. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पाचू-माणकांची पेटी सापडली, ती त्याने पोलिसांच्या हवाली केली. २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातम्यांची भारतीय वृत्तपत्रे बर्फातून बाहेर आली, अक्षरे वाचता येतील अशी. पहिल्या अपघातावरून हेन्री त्रोया या कादंबरीकाराने १९५२ साली एक कादंबरी प्रसिद्ध केली. प्रत्यक्षात कुणीही वाचले नव्हते. त्याने मात्र त्या मोडलेल्या विमानात एका भारतीय स्त्रीला जिवंत ठेवले आणि एका म्हाताऱ्या वाटाड्याला तिला पाठीशी घालून खाली आणायला लावले. हे असत्य आहे, पण त्याला अप्रामाणिक म्हणायची माझी आता छाती नाही. मी एका दगडावर बसलो. मुलीने पाण्याची बाटली पुढे केली आणि काही विचारले नाही.

परत आल्यावर मी तो संग्रह शोधला. परीक्षणासाठी आलेली प्रत माझ्याच कपाटात होती, समासात माझ्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. अकरा कविता पुन्हा वाचल्या. नऊ सामान्य आहेत, हे आजही म्हणेन. उरलेल्या दोन चांगल्या आहेत. एकीत उन्हात डांबरी रस्त्यावर उभा असलेला माणूस बर्फाची कल्पना करतो. ती कल्पना कॅलेंडरवरून आलेली नाही, तहानेतून आली आहे. त्या दोन्हींच्या समासात माझी रेघ नाही. मी त्या बहुधा वाचल्याच नव्हत्या.

पोस्टकार्डावरच्या पत्त्यावर पत्र पाठवले. ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन ते परत आले.

माझ्या निवडक परीक्षणांचे पुस्तक सध्या छापखान्यात आहे. हे परीक्षण गाळावे, असे संपादकांनी सुचवले. त्यांचा हेतू चांगलाच होता. मी ते ठेवायला सांगितले आहे. त्याच्याखाली ते पोस्टकार्ड, कवीचे नाव न देता, जसेच्या तसे छापले जाईल, आणि त्याच्याखाली मी लिहिलेली एक ओळ : ‘परीक्षणकर्त्यानेही तेव्हा हिमालय पाहिलेला नव्हता, आजही पाहिलेला नाही.’