मोंतेगुफोनीची गढी

फ्लॉरेन्स शहर पाहावयास जाणारे आपल्याकडील प्रवासी तीन दिवसांत राजवाडे, देवळें आणि चित्रशाळा उरकून चौथ्या दिवशीं व्हेनिसची गाडी धरतात. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. पैसा मोजका आणि रजा त्याहून मोजकी. परंतु ज्याच्या पदरीं अर्धा दिवस शिल्लक असेल त्यानें शहराच्या नैऋत्येस सुमारें वीस किलोमीटरांवर असलेल्या मोंतेगुफोनी नांवाच्या गढीकडे वाट वांकडी करावी, असें आम्ही आग्रहानें सुचवूं. मराठी माणसास तर तेथें जाण्याचें विशेष कारण आहे.

शहराबाहेर पडल्यावर रस्ता द्राक्षमळ्यांतून आणि ऑलिव्हच्या राईंतून वर चढत जातो. सायप्रसचीं उभट, काळपट हिरवीं झाडें ओळीनें उभीं दिसतात. टेकडीवर गढी आहे. फ्लॉरेन्सच्या आच्चायुओली नांवाच्या सावकार घराण्याची ही मूळची मालमत्ता. कालांतरानें ती त्यांच्या हातून गेली, आणि १९०९ सालीं सर जॉर्ज सिटवेल नांवाच्या एका लहरी इंग्रज गृहस्थानें ती विकत घेतली. सध्या तेथें प्रवाशांना उतरावयास खोल्या मिळतात. गढीचा मनोरा फ्लॉरेन्समधील पालात्सो वेक्यो या जुन्या नगरमंदिराच्या मनोऱ्याच्या धर्तीवर बांधलेला आहे. इतका कीं, नुसती तसबीर पाहणाऱ्यास दोहोंत घोटाळा व्हावा.

अशीच एक तसबीर आमच्या पिशवींत होती. ती पोस्टकार्डाएवढी आहे, आणि तिचा एक कोपरा वाळवीनें खाल्लेला आहे. तींत तीन मराठे शिपाई एका भिंतीपुढें खांद्याला खांदा लावून उभे आहेत. उजवीकडचे हसत आहेत, मधले कॅमेऱ्याकडे रोखून पाहात आहेत, आणि डावीकडचा, तिघांत सर्वांत कोंवळा, काय करावें हें न सुचून हाताच्या मुठी आवळून उभा आहे. तिघांच्या डोक्यांवर, अगदीं वरच्या कडेस, त्या मनोऱ्याचा अर्धा भाग आला आहे. मागील बाजूस पेन्सिलीनें बाळबोध अक्षरांत तिघांचीं नांवें, गांवें आणि ‘इटली १९४४’ एवढेंच लिहिलें आहे.

तसबिरींतील मधले गृहस्थ म्हणजे महाडकडील आमच्या घराच्या खालच्या अंगास राहणारे हवालदार. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्यें, म्हणजे जंगी पलटणींत, ते होते. १९४६ सालीं घरीं परतले आणि पुढें जन्मभर भातशेती केली. आमच्या घरीं त्यांचें येणेंजाणें असे. नवें तांदूळ निघाले कीं पहिली पायली ते स्वतः आणून ओटीवर ठेवीत, आणि आमची आजी त्यांना ताक दिल्यावांचून उठूं देत नसे. लढाईविषयीं ते फारसें बोलत नसत. एकदां आजीनें अगदीं खोदून विचारलें, “हवालदार, एवढी मोठी लढाई झाली; तुम्ही तिथं केलंत तरी काय?”

“काकी, बायकांची राखण केली,” हवालदार म्हणाले. “सहा जणी हुत्या. नारिंगाची बाग, आन् पायाखाली समदी फुलं. मी रातभर त्यांच्याम्होरं उभा. येकीनं पन तोंडातून शबूद काढला न्हाय.”

माजघरांत मोठा हशा पिकला. हवालदारही हसले, ताक पिऊन उठले आणि गेले. घरांतील मंडळींस ती एका रसिक शिपायानें केलेली थट्टा वाटली. आणि पुढें कित्येक वर्षें कोणी कांहीं सांगावयाचें टाळलें कीं ‘बायकांची राखण केली’ असें म्हणण्याचा आमच्या घरांत प्रघातच पडून गेला.

ती थट्टा नव्हती. दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या भयानें फ्लॉरेन्सच्या चित्रशाळांतील निवडक चित्रें आसपासच्या गढ्यांतून आणि वाड्यांतून हलविण्यांत आलीं होतीं. मोंतेगुफोनीच्या वांट्यास सुमारें अडीचशें आलीं. १९४४ च्या जूनमध्यें रोम पडलें आणि जर्मन फौजा लढत लढत उत्तरेकडे हटूं लागल्या, तेव्हां ही गढी दोन सैन्यांच्या मधोमध सांपडली. प्रथम जर्मन शिपाई आंत राहून गेले. घिर्लांदायोच्या एका वाटोळ्या चित्राचा त्यांनीं जेवणाचें मेज म्हणून उपयोग केल्याचें नमूद आहे. उफ्फीत्सी चित्रशाळेचे ग्रंथपाल चेझारे फासोला हे गोळागोळी चालू असतांना शहरांतून पायीं चालत येथें आले आणि चित्रांपाशीं ठाण मांडून बसले. हातांत शस्त्र नाहीं, पाठीशीं कोणाचा हुकूम नाहीं, असा हा मनुष्य! खालीं तळघरांत आसपासच्या खेड्यांतील निराश्रित बायकामुलें दाटीवाटीनें दिवस काढीत होतीं.

जुलैच्या अखेरीस आठव्या भारतीय डिव्हिजनमधील मराठा पलटण गढींत आली. त्याच सुमारास एरिक लिंक्लेटर हे ग्रंथकार आणि विनफर्ड व्हॉन टॉमस हे बी. बी. सी.चे वार्ताहर सहज म्हणून तेथें गेले, तों दालनांत भिंतींना टेकवून ठेवलेलीं चित्रें त्यांच्या दृष्टीस पडलीं. चिमाबुए, ज्योत्तो, उच्चेल्लो. आणि एके ठिकाणीं साक्षात् बॉत्तिचेल्लीचें ‘प्रिमावेरा’, म्हणजे वसंत ऋतूचें चित्र! बाहेर तोफा चालू होत्या. पलटणीच्या अधिकाऱ्यांनीं दारांवर पहारे बसविले. त्या पहारेकऱ्यांत आमचे हवालदार होते. त्या वेळीं अर्थात् ते साधे शिपाई होते.

गढीच्या चौकांत भिंतीजवळ उभे राहून आम्हीं तसबीर वर धरली आणि मनोऱ्याशीं ताडून पाहिली. दोनतीन ठिकाणें बदलल्यावर कोन बरोबर जुळला. तेथील व्यवस्थापक बाईंस आमचा हा उद्योग विचित्र वाटला असावा. परंतु कारण कळतांच त्यांनीं स्वतः आंत नेऊन दालनें दाखविलीं. दालनांत आतां प्रवाशांच्या सोयीचें सामान आहे. चित्रें युद्धानंतर शहरांत परत गेलीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं उफ्फीत्सींत ‘प्रिमावेरा’पुढें एक तास काढला. तास म्हणण्यापेक्षां प्रत्येकीं दोन दोन मिनिटांचीं पुष्कळ उभीं राहणीं म्हणावें. कारण दर क्षणीं नवा जथा येऊन आपणांस बाजूस सारतो, आणि ज्याच्या त्याच्या हातांतील फोन चित्राच्या आड येतो. सहा स्त्रिया आहेत. नारिंगाची बाग आहे. पायांखालीं फुलांचा गालिचा आहे. दोन पुरुष आणि वर उडणारा एक मदन हेही आहेत. पण हवालदारांनीं ते जमेस धरले नाहींत. लाकडी फळ्यांवर काढलेलें हें चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटरांहून अधिक लांब आहे, आणि त्यांतील आकृति जवळजवळ माणसाएवढ्या आहेत. चित्रशाळेंत तें आतां कांचेआड आहे. गढींत तें जमिनीवर टेकलें होतें. म्हणजे रात्रीं कंदिलाच्या उजेडांत त्या स्त्रिया हवालदारांच्या बरोबरीनें, त्याच फरशीवर उभ्या असल्यासारख्या दिसल्या असल्या पाहिजेत. चित्रकलेवरील मोठमोठ्या पंडितांनाही असें दर्शन घडलेलें नाहीं. आजीच्या प्रश्नास त्यांनीं जें उत्तर दिलें त्यांत एका अक्षराचीही अतिशयोक्ति नव्हती.

परंतु तसबिरींत तिघे आहेत, आणि हवालदार सांगत ती गोष्ट एकाची. उजवीकडचे हसरे गृहस्थ साताऱ्याकडचे. त्यांच्याविषयीं ‘भात लई मोकळा शिजवायचा’ एवढेंच हवालदार म्हणत. डावीकडच्या पोराविषयीं ते कधींच बोलले नाहींत. तें सर्व आमच्या आईस हवालदारांच्या पत्नीकडून कळलें, आणि तेंही ते १९९१ सालीं वारल्यानंतर.

तें ऐकिलें होतें म्हणून आम्हीं फ्लॉरेन्सहून व्हेनिसचा रस्ता न धरतां आपेनाइन पर्वत ओलांडून सेनिओ नदी गांठली. ही नदी म्हणजे आपल्याकडील मोठ्याशा ओढ्याएवढी. पण दोन्ही कांठांना पुरासाठीं उंच मातीचे बांध घातलेले आहेत, आणि १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मनांनीं ते बांध आंतून पोखरून त्यांत यंत्रतोफा बसविल्या होत्या. आज बांधावर गवत माजलेलें आहे. म्हातारे लोक कुत्रीं घेऊन फिरावयास येतात. २०२३ च्या मे महिन्यांत हीच नदी त्या प्रांतीं महापूर होऊन बांधाबाहेर गेली. एऱ्हवीं ती इतकी निरुपद्रवी दिसते कीं येथें सैन्यें अडून पडलीं होतीं हें सांगूनही खरें वाटूं नये.

९ एप्रिल १९४५ रोजीं दुपारपासून विमानांनीं आणि तोफांनीं बांध भाजून काढला, आणि संध्याकाळीं पलटणी पाण्यांत उतरल्या. जंगी पलटणींतील शिपाई नामदेव जाधव यांचा पराक्रम त्याच संध्याकाळचा. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील निमज हें त्यांचें गांव. त्यांच्या तुकडींतील बहुतेक माणसें पडलीं असतां त्यांनीं दोघा जखमींना खोल पाण्यांतून आणि सुरुंगांच्या पट्ट्यांतून एकेक करून मागें पोंचविलें, आणि परत येऊन तीन यंत्रतोफा बंद पाडल्या. हातास जखम झाल्यामुळें बंदूक चालेना, ती टाकून ते बाँबगोळ्यांनीं लढले, आणि शेवटीं बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनीं मागल्या पलटणीस पुढें बोलाविलें. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यापूर्वीं नऊ महिने, १० जुलै १९४४ रोजीं, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे यांनीं तोच मान प्राण देऊन मिळविला होता. मोंतोने गांवीं २०२३ सालीं त्यांच्या नांवानें एक सूर्यघटिका उभारली गेली. तिकडे जाणें आम्हांस या खेपेस साधलें नाहीं.

जाधवांचा पराक्रम पुस्तकांत आहे. डावीकडचें पोर मात्र त्याच संध्याकाळीं बांधाच्या अलीकडच्या उतारावर गेलें. २ मे रोजीं इटलींतील युद्ध संपलें; मध्यें तेवीस दिवस होते.

तसबिरीच्या तीन प्रती काढल्या होत्या, ज्याची त्यास. पोराची प्रत त्याच्या सामानांतून हवालदारांनीं काढून घेतली, आणि १९४६ सालीं परतल्यावर स्वतःच्या घरीं आठ दिवसही न राहतां ते श्रीवर्धनच्या बाजूस त्याच्या गांवीं ती पोंचवावयास गेले. सरकारी तार घरीं केव्हांच आली होती. आई एकटी होती. तिनें तसबीर दोन्ही हातांनीं धरली, उजेडाकडे नेली, पुष्कळ वेळ पाहिली, आणि मग विचारलें, “यातला माझा कंचा?” सतराव्या वर्षीं भरतीस गेलेला तो मुलगा तिनें पुन्हां पाहिला नव्हता. तीन वर्षांत त्याचें अंग भरलें होतें, मिशी आली होती, डोक्यावर टोप होता. हवालदारांनीं बोट ठेवून दाखविलें. तिनें मान हलविली, पण हवालदारांस वाटलें कीं तिची खात्री पटलेली नाहीं. घरीं येऊन ते दोन दिवस जेवले नाहींत, असें त्यांच्या पत्नीनें सांगितलें.

फोर्ली येथें भारतीय सैनिकांचें स्वतंत्र स्मशानस्थळ आहे, तें सेनिओपासून दूर नाहीं. जागा फार स्वच्छ आणि शांत आहे. सुमारें पांचशें कबरी एकसारख्या ओळींत आहेत. आणि ज्यांचें दहन झालें अशा साडेसातशेंहून अधिक सैनिकांचीं नांवें स्मारकावर कोरलेलीं आहेत. इटलींत चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन भारतीय डिव्हिजनांतून सुमारें पन्नास हजार लोक लढले, आणि ५,७८२ परत आले नाहींत. त्यांतील कितीतरी नांवें आपल्या कोंकणांतील आणि घाटावरील कोणत्याही पंगतींत ऐकूं यावीं अशीं आहेत. एकाच नांवाचे दोघे, तिघे आढळतात. इंग्रजी कारकुनानें त्यांचे जे हाल केले आहेत ते पाहून मराठी माणसास हंसूं येतें आणि लगेच थांबतें.

आम्हांस हवें होतें तें नांवही एकाहून अधिक वेळां होतें. भिंतींतील कोनाड्यांत एक नोंदवही ठेवलेली असते. तींत बापाचें नांव, गांव आणि जिल्हा दिलेला असतो. तसबिरीच्या मागचें गांव नोंदवहींतील गांवांशीं लावून पाहातां, तिसऱ्या ठिकाणीं, स्पेलिंग पार बिघडलेलें परंतु उच्चारून पाहतां ओळखूं येणारें असें तें सांपडलें. जिल्हा कुलाबा, आतांचा रायगड. वय वीस.

ती नोंद आम्हीं उतरून घेतली, आणि घरीं परतल्यावर तिची नक्कल त्या गांवीं धाडली. महिन्याभरानें त्याच्या पुतण्याचें उत्तर आलें. आजीनें जपलेली तसबीर देव्हाऱ्याशेजारीं टांगलेली असे. ३ जून २०२० च्या चक्रीवादळांत घराचें छप्पर गेलें, त्या पावसांत तीही गेली. आपल्यापाशीं दुसरी प्रत असल्यास पाठवावी, खर्च देऊं, असें लिहून खालीं त्यानें एक ओळ जोडली होती: तिघांतील आमचे काका कोणते, तें कृपा करून कळवावें.

हवालदारांच्या मुलाच्या संमतीनें आम्हीं प्रत काढून पाठविली आहे, आणि मागील बाजूस ‘डावीकडचे’ असें शाईनें लिहिलें आहे.