ज्याची त्याची किल्ली



गेल्या सत्रात कार्यालयाच्या संगणकावरील घटक चाचणीच्या गुणांची यादी अचानक बदललेली आढळली. आमचा संशय गेला तो संगणकात हुशार असलेल्या एका विद्यार्थ्यावर. त्याला बोलावून आम्ही खडसावले. तो एवढेच म्हणाला, "सर, वाय-फायचा पासवर्ड तर सगळ्यांनाच ठाऊक आहे." दोन दिवसांनी उलगडा झाला. आमच्याच कार्यालयातून चुकून जुनी यादी पुन्हा चढवली गेली होती. आम्ही त्याची व त्याच्या आईवडिलांची माफी मागितली, पण ती गोष्ट मनाला लागून राहिली.

म्हणून, नेटवर्कमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा हे तपासणारी व्यवस्था निवडायला आम्ही बसलो. पहिला मार्ग यंत्रांच्या मॅक क्रमांकांची यादी ठेवण्याचा. तो स्वस्त, पण कच्चा. या क्रमांकाची नक्कल करता येते. शिवाय अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) पासून फोन स्वतःच खरा क्रमांक लपवून दुसरा सांगतात. दुसरा मार्ग ८०२.१एक्स या २००१ सालच्या मानकाचा. यात प्रत्येकाचे स्वतंत्र खाते व पासवर्ड असतो. रेडियस सर्व्हर ते तपासतो, मगच दार उघडते. शिक्षक एका व्हीलॅनमध्ये, विद्यार्थी दुसऱ्यात. जुन्या प्रिंटरला ही पद्धत समजत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते.

आम्ही दुसरा मार्ग निवडला. अशी नोंद त्या दिवशी असती, तर तो मुलगा त्या वेळी नेटवर्कवर नव्हताच, हे पाच मिनिटांत कळले असते.

दरवर्षी शुल्क घेणारी उत्पादने आहेत, तशी पॅकेटफेन्ससारखी मुक्त प्रणालीही आहे. ती विनामूल्य मिळते. सांभाळणारा जाणकार मात्र विनामूल्य मिळत नाही. खर्च मंजूर करताना विश्वस्तांनी यंत्रांइतकाच त्या माणसाचाही विचार करावा, ही विनंती. पहिला महिना कोणालाही न अडवता फक्त नोंदी पाहायच्या आणि नंतरच नियम लागू करायचे, असे ठरले आहे.

विद्यार्थ्यांनो, आपला पासवर्ड जिवलग मित्रालाही देऊ नका. नोंदीत खाते दिसते, ते वापरणारा हात दिसत नाही. आणि आमच्याकडून एक वचन: यापुढे आधी नोंद पाहू, मगच कोणाला कार्यालयात बोलावू.