प्लग काय सांगतो?

पर्वत पाटियातल्या आपल्या मराठी वस्तीत अजूनही काही घरांसमोर जुनी यामाहा आरएक्स १०० उभी दिसते. 1985 ते 1996 या काळात ही गाडी भारतात तयार झाली. इंजिन जेमतेम 98 सीसीचं, पण धाव अशी की खानदेशातून सुरतेला आलेल्या अनेक तरुणांनी पहिल्या पगारातून हिचीच स्वप्नं पाहिली. माझ्या वडिलांनीही घेतली. बारडोली, नवापूर, कोंडाईबारीचा घाट करत ते तिच्यावरून गावाला जात.

वडील गेल्यावर गाडी भाच्याकडे आली. त्याने मडगार्ड उंच केलं, खोल खाचांचे टायर बसवले आणि सुट्टीच्या दिवशी कच्च्या रस्त्यावर फिरू लागला. मग दर आठवड्याला एकच वाक्य, "मामा, गाडी परत बंद पडनी!" महिन्याभरात चार प्लग झाले. एका गॅरेजवाल्याने इंजिन खोलायचा खर्च सांगितला. ताई म्हणाली, "त्यापेक्षा भंगारात दे." वडिलांच्या हातची तेवढी एकच वस्तू घरात चालती उरली होती.

मी म्हटलं, आधी प्लगला विचारू. वैद्य जीभ बघतो तसा प्लग बघायचा. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर इंजिन खुशाल आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी: चोक अडकलाय का, एअर फिल्टर तुंबलाय का ते पाहा. पांढरट पडला असेल तर इंजिन फार तापतंय, तशी गाडी पळवू नका. आणि ओला, काळा, तेलकट असेल तर तेल जळत नाहीये.

आमचा प्लग तेलकट निघाला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. ते नीट जळलं नाही की प्लगच्या चिनीमातीवर थर बसतो, वीज फटीतून उडी मारण्याऐवजी त्या थरातून वाहून जाते आणि ठिणगीच पडत नाही. प्लग बदलला की दोन दिवस बरं वाटतं. दुखणं तसंच राहतं.

मग एकेक शक्यता तपासली. एअर फिल्टर चिखलाने भरला होता, तो धुऊन वाळवला. क्रँकचं ऑइल सील गेलं असेल तर गिअरबॉक्समधलं ऑइल इंजिनात ओढलं जातं. पण तिथली पातळी बरोबर होती. शेवटी भाच्याला विचारलं, "टाकीत काय टाकतोस?" कुणीतरी सल्ला दिला होता, की जुन्या स्कूटरसारखं पेट्रोलमध्येही टू-टी मिसळावं. आता, या गाडीला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो! म्हणजे तिला दोन्हीकडून ऑइल पाजलं जात होतं.

टाकी रिकामी केली, साधं पेट्रोल भरलं, नवा प्लग बसवला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तोच प्लग आहे, टोक बिस्किटी. इंजिन उघडावं लागलं नाही.

मुलांनो, तुमच्या घरी अशी गाडी असेल तर प्लग पाना, मऊ ब्रश आणि एक जादा प्लग सीटखाली ठेवा. इंजिन गार झाल्यावरच प्लग काढा. आणि गॅरेजला जायच्या आधी त्याचा रंग स्वतः बघा. ताईने आता भंगारवाल्याचं नाव काढणं सोडलंय.