पालथा हात

नागपूरच्या रामदासपेठेत डॉक्टरांना काही तोटा नाही. लेंड्रा पार्कपासून कुठल्याही दिशेला निघा, चार घरं टाकली की दवाखान्याची पाटी. तरी इथल्या एका फ्लॅटमध्ये नातीचं अंग कसकसलं की थर्मामीटरच्या आधी आजोबांना हाक जाते. ते येतात, उजव्या हाताची पालथी बाजू तिच्या कपाळाला टेकवतात आणि क्षणभर डोळे मिटतात. पाण्याच्या पंपाची तपासणीही अशीच होते. पंपावर हात ठेवून त्यांनी ‘बेअरिंग जातंय’ म्हटलं की सोसायटीत कोणी वाद घालत नाही.

हा हात मुळात त्यांचा नव्हे, त्यांच्या उस्तादाचा.

सत्तरच्या दशकात ते मोतीबागच्या लोको शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि पुढे फायरमन झाले. शेड नॅरोगेजची, म्हणजे दोन रुळांत जेमतेम 762 मिलिमीटर अंतर. बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्यात अंथरलेल्या या चिमुकल्या रुळांवरून गाडी इतवारीहून सावनेर, सौंसर, रामाकोना करत छिंदवाड्याला जायची. रामाकोन्याच्या पुढे घाट लागला की फायरमनचा घामटा निघे. चाकं घसरू लागली की रुळांवर वाळू सोडायची, काचेच्या नळीतली पाण्याची पातळी डोळ्यांआड होऊ द्यायची नाही, आणि कोळसा एका जागी ओतायचा नाही, भट्टीभर पातळ पसरायचा.

गाडी स्टेशनात थांबली की उस्ताद लांब नाकाची तेलाची बुधली घेऊन खाली उतरत. चाकांना फिरवणाऱ्या रॉडच्या एकेका बेअरिंगवर पालथा हात टेकवत ते इंजिनाभोवती फिरत. ही काही नुसती लकब नव्हती. वाफेच्या इंजिनात बेअरिंगची उष्णता दाखवणारा काटा नसतो. आत व्हाइट मेटलचं अस्तर. तेल आटलं की ते तापतं आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर वितळून वाहू लागतं. त्यात नॅरोगेजची चाकं लहान, तेवढ्याच अंतरासाठी त्यांना जास्त फेरे घ्यावे लागतात. काटा नाही तर हातच काटा.

नव्या फायरमनने पहिल्याच आठवड्यात तळवा टेकवला आणि ओरडला. उस्ताद बोलले ते एवढंच : ‘पालथा लाव बे. तळवा भाजला त बेलचा कोन धरन?’

यंत्रशास्त्राचा इतका आटोपशीर धडा त्यांना पुढे कुठल्याच प्रशिक्षणात मिळाला नाही, असं ते आजही सांगतात. आठ वर्षं दोघं एका इंजिनावर होते. रात्री-अपरात्री कॉल बॉय दार ठोठावून जायचा आणि अर्ध्या झोपेतला फायरमन शेडमध्ये पोचेपर्यंत उस्ताद बुधली भरून तयार असायचे. घरादाराबद्दल बोलणं फारसं होत नसे. इंजिनाच्या खडखडाटात तसंही काय बोलणार!

मग डिझेल आलं. उस्ताद त्याला शेवटपर्यंत ‘मोटार’च म्हणत राहिले. देशभर वाफ आवरत चालली होती. यवतमाळच्या ‘शकुंतला’ गाडीचं मँचेस्टरचं इंजिन 1994 मध्ये काढलं गेलं आणि 1995 च्या डिसेंबरात जालंधर–फिरोजपूर मार्गावर ब्रॉडगेजची शेवटची नियमित वाफेची गाडी धावली. उस्ताद त्याआधीच निवृत्त होऊन सौंसरला संत्र्यांच्या बागेत रमले होते. तिथेच ते गेले. चेल्याला खबर पोचली तेव्हा तेरावाही उरकला होता.

वाफेचं इंजिन हौसेने चालतं ठेवणारे लोक जगात आहेत. वेल्समधली तालिलिन रेल्वे 1951 पासून स्वयंसेवक चालवताहेत. आपल्याकडे 1855 ची ‘फेअरी क्वीन’ 1997 मध्ये पुन्हा दिल्ली–अलवर धावली. अशा ठिकाणी एखादा पोरगा अजूनही हात भाजून घेऊन शिकत असणार. मोतीबागला मात्र 2002 मध्ये नॅरोगेजचं संग्रहालय झालं. झालं ते उत्तमच, नाहीतर सगळं लोखंड भंगारात गेलं असतं. पण तिथली इंजिनं पेटत नाहीत. 2015 च्या अखेरीस छिंदवाड्याची नॅरोगेज बंद पडली, 2019 मध्ये नागभीडचीही.

यंदा मे महिन्यात नातीने हट्ट धरला म्हणून ते तिला घेऊन संग्रहालयात गेले. वेळ भर दुपारची, ऊन नागपूरचं. आवारातल्या काळ्याभोर इंजिनाशी ते थबकले, सवयीने वाकले, रॉडच्या टोकावर पालथा हात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

‘गरम झालंय,’ ते म्हणाले.

‘आजोबा, ऊन आहे ना!’ नात हसली.

त्यांनी मान डोलावली. तरीही जाता जाता दारावरच्या कर्मचाऱ्याला त्यांनी हळूच विचारलं, ‘काहो, थोडं तेल मिळेल का?’